आमच्या वावरातली घळ: नदीचं काम की आमचं?

बोरीकाठ | ६ जुलै, रात्री ९:१२

मंडळी, थोडं लांबण लागेल, पण जीव टांगणीला लागला आहे म्हणून लिहितोय.

अमळनेर तालुक्यात, बोरी तापीला मिळते त्याच्या वरच्या अंगाला आमचं सात एकर वावर आहे. वरचे पाच एकर सपाट काळी. खालचे दोन एकर नदीकडे उतरत जातात. या दोन एकरांपैकी आज पाऊण एकरसुद्धा धड नांगरता येत नाही, कारण नदीच्या बाजूने घळ आत शिरली आहे. परवा रात्री दोन तास जोराचा पाऊस झाला. सकाळी जाऊन बघतो तर घळीचं तोंड अकरा पावलं पुढं सरकलेलं. कपाशीच्या चार ओळी ठिबकच्या नळ्यांसकट खाली लोंबत होत्या.

घरात यावरून दोन तट आहेत. दादा म्हणतो, "नदीकाठची जमीन आहे, नदी ती खाणारच. तापीकाठचे ते पिवळे कडे काय आपल्या आजाने पाडले?" त्याचं अगदीच खोटं नाही. आमच्याकडून तापीकडे जाताना ताडाएवढ्या खोल घळी लागतात. आमच्या पणजोबांनीही त्या तशाच पाहिल्या होत्या.

पण आई वेगळंच सांगते. ती १९८४ मध्ये लग्न होऊन आली, तेव्हा याच उतारावरून बैलगाडी नदीपर्यंत जायची. धुणं गाडीत घालून न्यायचे. आज तिथून शेळी उतरत नाही.

म्हणून विचारतो. जमीन आपसूक झिजते आणि माणसाच्या करणीने झिजते, यातला फरक जागेवर उभं राहून ओळखता येतो का? दोष कुणाच्या माथी मारायचा नाही. पण नदीचंच काम असेल तर वावर सोडून द्यावं, आणि आमचं असेल तर हातपाय हलवावेत, असं मला वाटतं.

---

जुनं वावर | ६ जुलै, रात्री १०:०३

भाऊ, आमनं बी तेच शे. पांझराकाठनं वावर, मागला साल अर्धा बिघा गयं. वाचत राहतो.

---

काळा पाषाण | ६ जुलै, रात्री ११:४०

बोरीकाठ, तुमच्या दादांचं आणि आईंचं, दोघांचंही एकाच वेळी खरं असू शकतं. मी भूशास्त्र शिकलो आणि माझं आजोळ साक्रीचं, त्यामुळे हा प्रश्न मलाही लहानपणापासून चिकटलेला आहे.

आधी दादांची बाजू. आपला खानदेश झिजेतूनच घडला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांचा काळा कातळ झाला. ऊन, पाऊस आणि मुळांनी तो कातळ कुजला आणि त्याची काळी माती झाली. धुळे-नंदुरबारकडे माळावर सरळ रेषेत चाललेल्या, भिंतीसारख्या दगडी टेकड्या पाहिल्या असतील. त्यांना डाईक म्हणतात. जमिनीच्या भेगांत घुसून तिथेच गोठलेला हा लाव्हा. आपल्या पट्ट्यात असे दोनशेहून अधिक डाईक आहेत. ते उंच उठले नाहीत, आजूबाजूचा मऊ खडक झिजून खाली गेला म्हणून ते उघडे पडले. ती भिंत जितकी उंच, निदान तितकी जमीन तिथून वाहून गेली. एकाही माणसाने कुदळ न मारता.

ती माती गेली कुठे? बरीचशी तापीच्या खोऱ्यात येऊन साचली. सातपुडा उत्तरेला, सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर दक्षिणेला आणि मधे खचलेला पट्टा. त्यात कित्येक ठिकाणी शेकडो फूट गाळ आहे. तुमचं वावर त्याच गाळावर असणार. नंतर कधीतरी तापीने आपलं पात्र खोल केलं. मुख्य नदी खाली गेली की तिला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्या-ओघळीला खाली उडी घ्यावी लागते, आणि ती उडी मागे मागे सरकत गाळ कापत जाते. तापीकाठच्या जुन्या घळी अशा झाल्या. नांगर आपल्याकडे यायच्या आधीपासून हे चालू होतं.

आता आईंची बाजू. फरक आहे तो वेगाचा. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. झाकलेल्या जमिनीवरून तेवढ्याच संथपणे ती जाते, म्हणून हिशोब जुळतो. चाळीस वर्षांत गाडीवाट जाऊन कडा उभा राहिला तर पाण्याचा वेग, त्याची वाट किंवा जमिनीचं पांघरूण यांपैकी काहीतरी बदललेलं आहे. जुनी घळ आणि नवी घळ यांतला फरक डोळ्यांना दिसतो. जुन्या घळीच्या कडा बोथट असतात, त्यावर बाभळी, हिवर, बोरी धरलेल्या असतात, तळाशी गवत असतं. नव्या घळीचं तोंड उभं, कच्चं, ओल्या मातीच्या वासाचं, आणि झाडांची मुळं हवेत लोंबणारी. तुमच्या शेतातली कशी आहे?

---

निवृत्त पर्यवेक्षक | ७ जुलै, सकाळी ६:२०

कृषी खात्यात तीस वर्षं बांध मोजण्यात गेली. तीन जिल्ह्यांत फिरलो. म्हणून एक विनंती, घळीच्या तळाशी उभं राहून विचार करू नका. तोंडाच्या वर चढा, पाठ नदीकडे करा आणि पाणी कुठून येतं ते बघा. पावसात, छत्री घेऊन.

मला या गोष्टी कळवा. वरच्या पाच एकरांचं पाणी आधी कुठून उतरायचं? मधे बांध होता का, आणि त्याला जादा पाणी सोडायला दगडी सांडवा होता का? सऱ्या उताराला आडव्या आहेत की उताराच्या दिशेने? जवळ नवा रस्ता आणि त्याखालून पाणी जायला मोरी झाली आहे का? आणि खालचा नाला किंवा नदीचं पात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत खोल झालंय का?

एक हिशोब सोबत ठेवा. एका एकरावरून १ मिलिमीटर माती गेली तर ती जवळपास दीड ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) भरते, वजनाने ५ टन. एक मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीच्या साधारण दुप्पट. डोळ्यांना दिसतच नाही. १९८३ साली डेहराडूनच्या मृद व जलसंधारण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशाची सरासरी काढली, ती वर्षाला हेक्टरी १६.३५ टन होती. म्हणजे दरसाल सव्वा मिलिमीटर. जमीन सोसू शकते अशी मर्यादा साधारण साडेचार ते अकरा टन धरतात. घळ दिसते म्हणून आपण घळीला रडतो. पण वरच्या सपाट वावरातून जे पापुद्र्यासारखं जातं ते दिसत नाही, आणि खताचा कस त्यातच असतो.

---

केळीवाला | ७ जुलै, दुपारी १:१५

रावेरहून लिहितोय. पर्यवेक्षक काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण चर्चा फिरून फिरून शेतकऱ्यावरच येते हे मला पटत नाही. आमच्याकडे सातपुड्यातून सुकी नदी येते. पूर आला की डोक्याएवढे धोंडे घेऊन येते. पायथ्याची अख्खी पट्टी अशाच धोंड्या-गोट्यांची बनलेली आहे, विहीर खणताना कळतं. ते धोंडे कुणी शेतकऱ्याने आणले नाहीत. तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडतात तेव्हा खाली जे लाल-काळं पाणी जातं, ते पूर्णेचं, वऱ्हाडाकडून आलेलं. तिथं आमच्या बांधाचा काय संबंध?

दोन तासांत चार इंच पाऊस पडला तर कुठला बांध टिकतो?

---

निवृत्त पर्यवेक्षक | ७ जुलै, दुपारी ४:५०

केळीवाले, तुमच्याच बागेचं उदाहरण घ्या. पावसाचा मोठा थेंब ताशी तीस किलोमीटरच्या वर वेगाने जमिनीवर आपटतो. उघड्या मातीवर आपटला की ढेकूळ फुटतं, बारीक माती उडते आणि मातीची छिद्रं बुजतात. मग पाणी मुरत नाही, वाहू लागतं. धूप सुरू होते ती तिथे, पूर ही फार पुढची गोष्ट. तुमच्या केळीत वर पानं, खाली वाळलेल्या पानांचा पाचोळा, जमीन जवळपास सपाट. थेंबाला उघडी माती सापडत नाही. तोच पाऊस शेजारच्या कपाशीवर पडला तर? जून-जुलैत कपाशी वीतभर असते, दोन ओळींमधे चार-चार फूट जमीन नागडी. पाऊस निसर्गाचा हे शंभर टक्के मान्य. जमीन उघडी कुणी ठेवली?

शेतकऱ्याला दोष द्यायचा नाही. कपाशीत आडवा मूग-उडीद घ्यायची चाल आपल्याकडे जुनी आहे. ती मजुरी आणि तणनाशकापायी मोडली, हौसेने नाही.

---

धडगावचा मास्तर | ७ जुलै, रात्री ८:३०

वरच्या टोकाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी सातपुड्यात, अक्राणीत शिकवतो. मैदानातले लोक सहज म्हणतात, आदिवासी डोंगरउतारावर शेती करतात म्हणून गाळ खाली येतो. थांबा जरा.

आमच्याकडचे म्हातारे उतारावर दगडांचे आडवे बांध रचतात. ज्वारीत उडीद, अंबाडी मिसळून पेरतात, म्हणजे एक पीक निघालं तरी दुसऱ्याचं पांघरूण राहतं. झाड तोडलं तरी बुंधा आणि मूळ ठेवतात. सागाची तोड इंग्रजी अमदानीपासून चालली, ती या लोकांच्या घरांसाठी नव्हती. पण आमचीही चूक आहे आणि ती सांगायला हवी. एप्रिल-मे महिन्यांत डोंगरावर आग लावतात किंवा लागते. गवत जळतं, पाचोळा जळतो. जूनचा पहिला पाऊस त्या बोडक्या उतारावर पडला की ओढ्याचं पाणी राखेने काळं येतं. दोन दिवसांनी तेच पाणी लाल. तो लाल रंग पाहिला की माझ्या पोटात कालवतं, मुलांना वर्गाबाहेर नेऊन दाखवतो.

उलट उदाहरणही आपल्याच मुलखात आहे. साक्री तालुक्यातलं बारीपाडा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळून चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखलं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. डोंगर तोच, उतार तोच, पाऊस तोच. झऱ्यांना पाणी राहिलं, कारण ते धावत सुटलं नाही, मुरलं.

---

बोरीकाठ | १० जुलै, रात्री १०:२५

काल परत पाऊस झाला. काकांचं ऐकून छत्री घेऊन घळीच्या वर दीड तास उभा राहिलो. पुतण्या मोबाईलवर चित्रण करत होता. जे दिसलं ते जसंच्या तसं सांगतो.

घळीचं तोंड उभं आणि कच्चं आहे, बाभळीची मुळं लोंबताहेत. म्हणजे नवी. पण त्याच घळीत खाली सत्तर-ऐंशी पावलांवर कडा बोथट आहेत आणि तिथे जुनं हिवराचं झाड आहे. म्हणजे जुनी घळ तिथपर्यंत होती, पुढचं सगळं अलीकडचं.

नवा भाग टेपने मोजला. ६० मीटर लांब, सरासरी ४ मीटर रुंद, २ मीटर खोल. ४८० घनमीटर. ब्रासमध्ये १७० होतात. १७० ट्रॉल्या काळी आणि पोयटा.

पाणी तीन ठिकाणांहून येतं. एक, रस्त्याच्या मोरीतून. पूर्वी रस्ता मातीचा होता, पाणी पसरून यायचं. आता पलीकडच्या तीन शेतांचं पाणी एका पाइपातून आमच्या कोपऱ्यात पडतं. दोन, आमच्याच वरच्या पाच एकरांतून. ठिबकच्या नळ्या सरळ बसाव्यात म्हणून सऱ्या उताराच्या दिशेने पाडल्या आहेत. प्रत्येक सरी एक पन्हाळ झाली आहे.

तिसरं लिहायला जड जातंय. वरच्या आणि खालच्या तुकड्यात एक बांध होता, आजोबांनी ७२ च्या दुष्काळानंतर घातलेला. कोपऱ्यात दगडी सांडवा होता, त्यातून पाणी पायऱ्या उतरल्यासारखं खाली जायचं. २०१२ मध्ये दोन्ही तुकडे एक करायला आम्ही तो बांध ट्रॅक्टरने सपाट केला. पाच गुंठे जमीन जास्त मिळाली म्हणून मीच पेढे वाटले होते. सांडव्याचे दगड गोठ्याच्या पायात घातले.

आणखी एक गोष्ट मला कळली नाही. घळीच्या काठापासून दहा फूट आत, सपाट जमिनीत हात जाईल एवढं भोक आहे. पाणी त्यात गरगरत शिरत होतं आणि खाली कड्याच्या मधून पिवळं होऊन बाहेर पडत होतं.

---

काळा पाषाण | १० जुलै, रात्री ११:५५

त्या भोकाजवळ कुणालाही, विशेषतः बैलाला, जाऊ देऊ नका. आजच चार काट्याकुट्या टाकून बंद करा.

जमिनीखालून होणारी ही धूप. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कधीकधी हातभर खोल. पावसाचं पाणी भेगेतून खाली जातं. खाली पिवळसर, बारीक, चुनखडीचे खडे असलेला गाळ असतो, तो पाण्यात साखरेसारखा विरघळल्यागत सुटतो. शेजारी घळीचा उभा कडा असेल तर पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते आणि आतल्या आत भुयार होतं. एक दिवस छत कोसळतं. तुमची अकरा पावलं एका रात्रीत गेली ती अशीच गेली असावीत. हा गाळाचा मूळ स्वभाव आहे, त्यात तुमचा दोष नाही. पण भुयाराला रोज पाणी पाजायचं की नाही हे तुमच्या हातात आहे.

आणि पर्यवेक्षकांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. खाली बोरीचं पात्र?

---

बोरीकाठ | ११ जुलै, सकाळी ७:०५

राहिलं नाही, टाळलं होतं. आम्ही लहान असताना पात्रात गुडघाभर वाळू होती, झिरे खणून पाणी प्यायचो. आता खडक उघडा आहे. वाळू कशी उपसून नेली ते सगळ्या खानदेशाला माहीत आहे. शिवाय आमच्या घळीचं पाणी ज्या नाल्याला मिळतं, तो २०१६ मध्ये पोकलेनने खोल केला. गावाने वर्गणी काढली होती. विहिरींना पाणी आलंही.

---

काळा पाषाण | ११ जुलै, सकाळी ९:३०

मग बघा. तापीने पात्र खोल केलं तेव्हा जे झालं, तेच तुमच्याकडे झालंय. खालचा तळ उतरला, वरच्या ओघळीला उडी मिळाली, उडी मागे सरकली. नियम एकच. तापीला त्याला हजारो वर्षं लागली, पोकलेनला एक उन्हाळा. म्हणून नैसर्गिक आणि मानवी अशी दोन खाती करून जमीन वाटता येत नाही. गाळ मऊ, कडा उंच आणि पाऊस आडदांड, हे निसर्गाने दिलेलं. बांध, सऱ्या, मोरी, वाळू आणि नाला हे पाच आपले.

---

शिरपूरकर | ११ जुलै, दुपारी १२:४४

नाला खोलीकरणावर सरसकट बोट ठेवू नका. आमच्या तालुक्यात २००४ पासून सुरेश खानापूरकरांनी भूशास्त्र बघून काम केलं. गाळाच्या पट्ट्यात वरचा चिकण थर पाणी मुरू देत नाही, म्हणून तो कापून पाणी खालच्या वाळूच्या थरात घातलं. सोबत ओळीने सिमेंट बंधारे बांधले. कोरड्या पडलेल्या विहिरी आम्ही भरलेल्या पाहिल्या आहेत.

---

निवृत्त पर्यवेक्षक | ११ जुलै, दुपारी ३:१०

शिरपूरकर, तुम्ही म्हणालात त्यातले दोन शब्द महत्त्वाचे आहेत, "भूशास्त्र बघून" आणि "ओळीने बंधारे". नंतर ठिकठिकाणी फक्त मशीन गेलं. बंधारा नसलेला खोल नाला म्हणजे गटार. मिळणाऱ्या ओघळींची तोंडं दगडांनी बांधली नाहीत, काढलेली माती काठावरच टाकली आणि पहिल्या पावसात ती परत नाल्यात. माझ्या नोकरीच्या काळात मीही अशा कामांच्या मोजमापावर सह्या केल्या आहेत. त्या सह्या मला आजही आठवतात.

---

तितूरची लेक | ११ जुलै, रात्री ९:००

चाळीसगावची आहे. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी या नद्या एकाच वेळी फुगल्या, कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. माझ्या काकांच्या शेतात कमरेएवढा गोटा-वाळूचा थर बसला, खालची काळी दिसेना. आजूबाजूला तर खडक उघडा पडेपर्यंत वावरं खरवडली गेली. कातळाच्या दोन थरांमधे जो लालसर मऊ थर असतो तो भिजला की वरचा भार सुटतो, हे निसर्गाचं. घाटरस्त्यासाठी डोंगराचा पाय कापलेला, हे आपलं. पंचनाम्यात मात्र एकच रकाना होता, अतिवृष्टी.

बोरीकाठ दादा, तुम्ही पेढ्यांचं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आमच्या घरी हे कुणी बोलत नाही.

---

केळीवाला | १२ जुलै, सकाळी ८:१८

बोरीकाठ, आता उपायाचं बोला. खर्च किती, आणि पावसाळ्यात काय करता येईल?

---

निवृत्त पर्यवेक्षक | १२ जुलै, सकाळी १०:४०

पावसाळ्यात घळीच्या आत काही बांधू नका, वाहून जाईल, माणूसही दबेल. आधी तोंडावर येणारं पाणी तोडा. तोंडाच्या वर पंधरा-वीस मीटर अंतर सोडून अगदी हलक्या उताराचा वळण चर काढा आणि पाणी जिथे गवत धरलेली पक्की जागा आहे तिथे न्या. जुन्या बांधाच्या जागी बांध, कोपऱ्यात सांडवा, दगड पायऱ्यांसारखे. बांधावर मारवेल, पवना, घायपात लावा. भोक खणून उघडं करा, चिकण मातीने ठोकून भरा. पाऊस संपला की उभा कडा तासून तिरका करा, तळात दगडांचे छोटे आडवे बंधारे, मधे बांबू, निरगुडी, करंज. मोरीसाठी पलीकडच्या तिघांशी बोला, तुमच्या एकट्याच्या हद्दीत तो प्रश्न सुटणार नाही.

आणि तोंडासमोर दर पाच फुटांवर खुंट्या ठोका. अंदाजाने भांडणं होतात, खुंटीने होत नाहीत.

---

बोरीकाठ | १७ ऑगस्ट, रात्री ९:३५

उशिरा लिहितोय, माफ करा.

वळण चर काढला. दादा पहिल्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशी आला तो सब्बल घेऊन, आणि गोठ्याच्या पायातून आजोबांचे सांडव्याचे दगड स्वतः उपसून काढले. अठरा निघाले. तीन फुटलेले होते. बांध पूर्ण झाला नाही, वापसाच (मातीत काम करता येईल इतपत ओल) मिळत नव्हता, पण कोपऱ्यातला सांडवा उभा आहे. भोक भरलं. सऱ्यांचं या वर्षी काही करता येणार नाही, कपाशी छातीला लागली आहे. पुढच्या वर्षी आडव्या पाडायच्या असं ठरलंय. ठिबकवाला म्हणतो, नळ्या आडव्याही बसतात, आम्ही विचारलंच नव्हतं.

मोरीच्या वरच्या तिघांपैकी दोघे तयार झाले. तिसरे म्हणाले, माझ्या शेतात पाणी थांबलं तर पीक पिवळं पडेल. त्यांचंही खरं आहे. दसऱ्यानंतर काकांना आणून एकत्र बसायचं ठरवलंय. काका, तुम्ही याल ना?

सहा खुंट्या ठोकल्या होत्या. बांध-सांडव्याआधीच्या पावसात पहिली गेली. चर झाल्यावर तीन मोठे पाऊस झाले. दुसरी खुंटी काल संध्याकाळी पाहिली तेव्हा काठापासून एक हात आत होती, आज सकाळी तेवढ्याच अंतरावर आहे. आई रोज चहा झाला की बघून येते.

---

जुनं वावर | १७ ऑगस्ट, रात्री १०:११

भाऊ, खुंट्या कितला लांब ठोक्या? मी बी उद्या ठोकस.